'सापडली नाही' हे लेखी घे

पोरी, काल तेराव्याच्या पंगतीत हे बोलणं शोभलं नसतं, म्हणून गप्प राहिलो. आता पाहुणे गेलेत, तुझ्या जाऊबाईंचा जरा डोळा लागलाय. तू जवळ बस आणि वही-पेन घे. मी ३२ वर्षं तहसील कचेरीत काढली, शेवटची काही अव्वल कारकून म्हणून. कर्ता माणूस गेल्यावर घरच्यांचे काय हाल होतात ते टेबलाच्या पलीकडून पाहिलंय, आणि कुठल्या कागदापायी अडतं तेही.

काल चार जणांच्या तोंडी एकच होतं. टेम्पो धडक देऊन पळाला, नंबर कुणी पाहिला नाही, आता भरपाई मागायची कुणाकडे? लोक इथेच थांबतात. अगं, मोटार वाहन कायद्यात १६१ कलम आहे ते नेमकं अशाच अपघातासाठी. प्रयत्न करूनही वाहन कुठलं ते कळलं नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासूनची. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होती, आणि तेवढ्यासाठीसुद्धा आमच्याकडे येणारे अर्ज बोटांवर मोजावेत इतके. कुणाला ठाऊकच नसायचं.

म्हणजे तुझ्या दिरांसाठी एक अर्ज, आणि मागे बसलेल्या पोराची नडगी मोडलीय त्याचा वेगळा. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. पोरगा १६ वर्षांचा आहे, त्याच्या वतीने आई सही करेल.

पण अर्ज नंतर. आधी पोलीस ठाणं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ज्याने फिर्याद दिली त्याचा तो हक्क आहे. ती घरी आणून शब्द न् शब्द वाच. अज्ञात वाहनाने धडक दिली हे त्यात स्पष्ट हवं. नाव बघ. बोलताना सगळे दत्तू म्हणतात, फिर्यादीत दत्तू लागतं, आधारवर दत्तात्रय आणि पोस्टमार्टमच्या कागदावर दत्ता. तिन्ही एकच माणूस, हे सिद्ध करण्यात महिने जातात. फरक दिसला तर आजच तपासी अंमलदाराकडे अर्ज दे. फिर्याद दोन दिवसांनी नोंदली म्हणून घाबरू नकोस. घरात माणूस मरणाच्या दारात असताना आधी ठाण्यात कोण धावतं? केवळ उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून ठेवलंय.

त्याहून घातक कागद दवाखान्यातला. रात्री आत नेताना डॉक्टर विचारतात, काय झालं? नेणाऱ्याने अपघात पाहिलेला नसतो. तो घाईत म्हणतो, "गाडीवरून पडले." तेच केसपेपरवर उतरतं. पुढे कुणीतरी तो कागद वर धरून म्हणतो, माणूस आपला आपण घसरला, धडक कसली? काल तुझे चुलत दीर सांगत होते की आपण तेवढंच बोललो. त्यांना दोष देऊ नकोस, पण त्यांना घेऊन ठाण्यात जा आणि पुरवणी जबाब नोंदवून घ्या. अपघात मी पाहिला नव्हता, नंतर पोचलो, घाईत बोललो, जे खरं तेवढंच. पोरगा शुद्धीवर होता, त्याचा जबाब सगळ्यात मोलाचा. आणि केसपेपरवर खाडाखोड करून द्या असं कुणा वॉर्डबॉयला म्हणायला जाऊ नका. एक खाडाखोड दहा खऱ्या कागदांना बुडवते.

गाडी गॅरेजला टाकायची नाही, धुवायचीही नाही. मागच्या मडगार्डला दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय म्हणतात, तो पंचनाम्यात आलाय का बघ. रस्त्यावर दिव्याची काच, बंपरचा तुकडा मिळाला असेल तर तोही. आरटीओचा निरीक्षक गाडी तपासून गेला की मगच ताबा मागा.

आता कॅमेरे. त्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे, दोन ढाबे आहेत, पुढे टोलनाका. या कॅमेऱ्यांचं चित्रण कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. १३ दिवस गेलेच आहेत. तू स्वतः पंपावर जाऊन हुज्जत घालू नकोस. तारीख, वेळ, कुठला पंप, कुठला ढाबा असं लिहून ठाण्यात अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे कारकुनाकडून ऐकून ठेव. आणि त्या दूधवाल्या पोराने टेम्पो पाहिला होता ना? तो कोर्टकचेरीला भितोय. त्याला सांग, मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात वेगळं कलम घातलंय.

एवढं करूनही गाडी मिळाली नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा त्याचा अर्थ. घरच्यांना वाटतं, फाईल बंद, संपलं सगळं. मी तुला उलटं सांगतो. 'वाहन निष्पन्न झाले नाही' हे पोलिसांचं लेखी वाक्य म्हणजे १६१ च्या दाराची किल्ली. समरी कोर्टात मंजूर होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की महिन्याभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याच्या प्रमुखाने जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची आणि अर्ज कुणाकडे करायचा तेही कळवायचं. कळवतील तर उत्तम. नाही कळवलं, तर महिना भरल्याच्या दुसऱ्या दिवशी तूच अर्ज देऊन ते पत्र माग.

भरपाईचा अर्ज जातो दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे अपघात जिथे झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे. आपल्या गावच्या नव्हे, हे विसरू नको. त्यांनी महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी, पुढच्या १५ दिवसांत पैसे थेट बँक खात्यात. कागदावर हे असं आहे. कचेरीत मार्च महिना, निवडणूक आणि अतिवृष्टीचे पंचनामे हे तीन पाहुणे आले की मुदती लांबतात, म्हणून दर पंधरवड्याला आवक क्रमांक सांगून चौकशी करत राहा. भांडू नको, पण विसरूही देऊ नको. अर्जाला वकील लागत नाही. अडलंच तर तालुका विधी सेवा समितीत जा, तिथे फुकट मदत मिळते.

अर्जासोबत एक हमीपत्र असतं. पुढे गाडी सापडून दुसरीकडून भरपाई मिळाली तर हे पैसे परत करीन, असं. त्याला भिऊ नकोस, कारण मोठी भरपाई तिथेच आहे. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. तिथे २ लाखांची मर्यादा नाही. वय, कमाई आणि पाठीमागे किती जणं अवलंबून, यावर हिशेब. तुझे दीर ४२ वर्षांचे, त्या वयाला वर्षाच्या नुकसानीला १४ ने गुणतात. म्हणून डेअरीची दुधाची पुस्तकं, पगाराची नोंद, काही म्हणजे काही रद्दीत घालू नका. पण कायद्यात तिथे सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती गाडी सापडल्यापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून मोजतात. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव.

अर्जात सासूबाईंचं नाव घाल. जाऊबाई, दोन्ही मुलं आणि आई, सगळे वारस. म्हातारीचं नाव राहिलं तर पैशापेक्षा ते जास्त लागतं, आणि घरं तिथेच फुटतात.

अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुझे दीर स्वतःच्या नावावरची गाडी चालवत होते, लायसन चालू होतं. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण असेल तर ते १५ लाखांचं असतं, आणि त्यासाठी पळालेला टेम्पो सापडायची गरज नाही. पॉलिसीचं ते पान आजच काढ. मग बँकेचं पासबुक बघ. मे अखेरीस २० रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तिचे २ लाख वेगळे. सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून तालुका कृषी कार्यालयात गोपीनाथ मुंडे योजनेचंही विचार.

आठवडाभरात कुणीतरी घरी येईल. गोड बोलेल, टक्केवारी सांगेल, आणि म्हणेल, "गाडी सापडत नाही ना? विमा असलेली एक गाडी दाखवून देतो, दावा मोठा होईल." त्याला चहाही देऊ नका. खोटी गाडी दाखवली की खरा अपघातही खोटा ठरतो, आणि गुन्हा मयताच्या बायकोवर लागतो.

जाऊबाईंचं स्वतःच्या नावाचं खातं आहे ना? सोसायटीतलं नको, ऑनलाइन पैसे जमा होतील असं बँकेतलं हवं. बरं, आधी कुलूप लावलेली ती ट्रंक उघड. पॉलिसी त्यातच असेल. चष्मा माझ्या खिशात आहे, तू दिवा जरा इकडे घे.