वाळूतला पहिला फटका

गोल्फ हा केवळ श्रीमंतांचा खेळ, हा समज दिल्लीत लाडो सराय येथील कुतुब गोल्फ कोर्सवर दूर होतो. दिल्ली विकास प्राधिकरणाचे हे अठरा होलचे मैदान सर्वांस खुले आहे. नवशिक्याची खरी परीक्षा मात्र बंकरमध्ये, अर्थात वाळूच्या खड्ड्यात होते. तेथे थेट चेंडूवर प्रहार केल्यास तो रुततो किंवा भलतीकडे उडतो. म्हणून पाय वाळूत किंचित रोवावेत आणि सँड वेजचे पाते चेंडूमागे सुमारे दोन इंचांवर वाळूत शिरू द्यावे. वाळूच चेंडूला बाहेर फेकते. फटका अर्ध्यावर आखडू नये. तत्पूर्वी चेंडूलगतच्या वाळूला काठी टेकल्यास दोन फटक्यांचा दंड बसतो. 2019 पासून दोन दंडफटके स्वीकारून चेंडू खड्ड्याबाहेरून खेळता येतो. शिकाऊ खेळाडूने ही सवलत सहसा घेऊ नये.