त्या गावांत काय शाबूत होतं?

प्रश्न : कॅनडातल्या आदिवासी तरुणांमध्ये आत्महत्या फार होतात, असं वाचनात येतं. सगळीकडे सारखीच परिस्थिती आहे का? आणि ते लोक त्यावर काय करतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सारखी मुळीच नाही. मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जवळपास २०० फर्स्ट नेशन्स, म्हणजे तिथल्या आदिवासी, समूहांच्या १९८७ ते १९९२ या काळातल्या नोंदी तपासल्या. निम्म्याहून अधिक समूहांत एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. बहुतेक मृत्यू मोजक्याच ठिकाणी झाले होते.

इतिहासाचे घाव सगळ्यांनाच बसले होते. जमिनी गेल्या, मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलं, मातृभाषा बोलली म्हणून शिक्षा झाल्या. मग फरक कशाने पडला? संशोधकांनी सहा गोष्टी पाहिल्या. जमिनीच्या हक्कासाठी समूह लढतोय का? स्वशासन मिळवलंय का? शाळा, दवाखाने आणि पोलीस-अग्निशमन यांचा कारभार आपल्या माणसांकडे आहे का? आपल्या परंपरांसाठी हक्काची जागा आहे का? जिथे या सहाही गोष्टी होत्या, तिथे तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. जिथे यातलं काहीच नव्हतं, तिथे प्रमाण सर्वांत भयंकर होतं. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००७ च्या अभ्यासात दिसलं, की जिथे बहुतेकांना स्वतःची भाषा बोलता येते, तिथेही प्रमाण अगदी कमी असतं.

कारभार हाती आला की आत्महत्या थांबतात, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. आधीच सावरलेल्या समूहांना तो मिळवणं सोपं गेलं असेल, हीही शक्यता आहे. तरी मला या कामाचं मोल फार वाटतं. इतकी वर्षं सगळे विचारत होते, की या मुलांचं काय बिघडलंय? इथे कुणीतरी सावरलेल्या गावांकडे पाहून, तिथे काय शाबूत आहे, असं विचारलं.

शेजारच्या अमेरिकेत, अलास्कातल्या युपिक या आदिवासी लोकांचा 'कुंगास्विक' हा उपक्रम याच वाटेने जातो. त्यात मरणाविषयीची व्याख्यानं नसतात. गावातले वडीलधारे मुलांना सोबत घेऊन शिकार शिकवतात, गोठलेल्या नदीवर पाऊल टाकण्याआधी बर्फ कसा पारखायचा ते दाखवतात. बर्फावर जपून चालण्याची ती शिकवण आयुष्यालाही लागू पडते, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. जगण्याची कारणं वाढवायची, हा हेतू.

अमेरिकेतल्याच अ‍ॅरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची जमातीने स्वतःच नियम केला, की आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न कुणाच्या लक्षात आला तर त्याची नोंद व्हावी. नोंद झाली की जमातीतलाच प्रशिक्षित कार्यकर्ता त्या घरी जातो. जमातीतले वृद्धही शाळांत जाऊन मुलांशी बोलतात. २००१-०६ च्या तुलनेत २००७-१२ मध्ये तिथला आत्महत्येचा दर सुमारे ३८ टक्क्यांनी घटला.

हे वाचताना जवळचं कुणी आठवलं असेल, किंवा आपल्याच मनात असे विचार येत असतील, तर एकट्याने सोसू नका. 'टेली-मानस' या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं.