पंचावन्न मिलीमीटरचा बुश

माझं वजन 92 किलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेले आठ महिने ज्याला ज्याला ही हकिगत सांगितली, तो शेवटी माझ्या पोटाकडे बघून हसला. हसा. पण पुण्याच्या त्या गॅरेजवाल्याने माझ्याकडून 42 हजार घेतले आणि एकदाही माझं वजन विचारलं नाही, हा मुद्दा त्या हसण्यात बुडून जातो.

गाडी एक्सपल्स 200. इम्पल्स बंद झाल्यापासून मी अशा कच्च्या वाटेच्या गाडीची वाट बघत होतो. 2019 साली ही लाखाच्या आत आली आणि पहिल्या महिन्यात दारात उभी राहिली. कराडहून सडावाघापूर, ठोसेघरवरून चाळकेवाडीचं पठार, पाऊस ओसरला की बामणोली, असे आमचे रविवार. तक्रारी दोनच होत्या. ब्रेक दाबला की गाडी नाक घासायला निघाल्यासारखी पुढे वाकायची आणि दगडांच्या उतारावर मोठा दणका बसला की मनगटापर्यंत ठक्कन यायचं. बरोबरच्या पोरांचं यावर एकमत होतं : "दादा, यूएसडी टाका." म्हणजे उलटे शॉकअप, जाड भाग वर, चकचकीत पाईप खाली. आणि रंग सोनेरी.

रंगाला भुललो, हे मान्य.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. बोर्ड मोठा, कॉफीचं मशीन, भिंतीवर लडाखचे फोटो. मालक तिशीतला, बोलायला एकदम गोड. मला सर म्हणायचा. एका रस्त्यावरच्या गाडीचे, 17 इंची चाकाचे, अपघातातून सुटलेले यूएसडी शॉकअप त्याच्याकडे होते. टी, म्हणजे दोन्ही शॉकअप हँडलच्या दांड्याला धरणारा जोड, बदलायची, एक्सलचे बुश लेथवर करून घ्यायचे, कॅलिपरची पट्टी नवी बनवायची. "सर, बारा गाड्यांना केलंय. घाट असा उतराल की लोण्यातून सुरी." मी विचारलं, चाक 21 इंचीच राहणार ना? म्हणाला, "चाकाला हातच लावत नाही, सर." हे वाक्य नंतर मला फार आठवलं. चाकाला हात लावला नाही, हेच तर सगळ्याचं मूळ.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. दिसायला काय विचारता! पंपावर माणसं थांबून बघायची. एबीएसचा पिवळा दिवा मात्र विझेना. सेन्सर नव्या बॉटमवर, म्हणजे शॉकअपच्या खालच्या भागावर, नीट बसत नव्हता. "दिवा लागला तरी ब्रेक लागतोच की, सर." मीही मान डोलावली. आज स्वतःचाच राग येतो. सरकारने 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं, ते मी 500 रुपयांच्या पट्टीसाठी घालवून बसलो होतो.

मग एकेक सुरू झालं. साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहायला लागली. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली वाऱ्याने ती दोनदा उजवीकडे आडवी झाली. हायवेवर ऐंशीच्या पुढे हँडल थरथरायचं. फोन केला तर उत्तर, "टायर बदला, सर." टायर बदलला. पाच हजार गेले. थरथर तशीच. मग म्हणे कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग. कोनसेटही बदलला. मग म्हणे, "तुमची रायडिंग पोझिशन बघावी लागेल."

कारण साधं होतं आणि त्याला ते ठाऊक असणारच. नवे शॉकअप जुन्यापेक्षा आखूड होते. पुढून गाडी 40 मिलीमीटर खाली बसली. दोन चाकांमधलं अंतर 1410 मिलीमीटर आहे, म्हणजे हँडलचा दांडा दीड अंशाहून जास्त उभा झाला. दांडा जितका उभा, तितकी गाडी वळायला चपळ आणि सरळ धावताना चंचल. स्टँड तेवढाच राहिला आणि गाडी खाली आली, म्हणून ती सरळ उभी राहून पडत होती. हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी पैसे दिले असते का? म्हणूनच सांगितलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. ठक्कन येणारा आवाज गेला नव्हता. उलट वाढला होता. पूर्वी मोठ्या दगडाला यायचा, आता गतिरोधकाला यायला लागला. एका रविवारी मी खालच्या चकचकीत पाईपला केबल टाय बांधला, सीलला टेकवून. शॉकअप दबला की सील टायला ढकलतं आणि तो जिथवर गेला तिथेच राहतो. सडावाघापूरला जाऊन आलो, माप घेतलं : 95 मिलीमीटर. वाटलं, आज दणके कमी बसले असतील. पुढच्या रविवारी मुद्दाम वाईट वाट धरली. 95. तिसऱ्यांदा ओढ्यातून उडी मारून पलीकडे गेलो, कंबर दुखली. 95. ना 94, ना 96. इतका शिस्तीचा शॉकअप मी पाहिला नव्हता.

जुन्या शॉकअपची चाल 190 मिलीमीटर होती. मी 42 हजार देऊन बरोबर निम्मी चाल विकत घेतली होती.

आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांना सगळे बापू म्हणतात. राजदूतपासूनच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्याकडे नेली. त्यांनी वरचं टोपण उघडलं, स्प्रिंग काढली, डॅम्परच्या दांड्यावरून पांढऱ्या नायलॉनचा एक बुश ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. व्हर्नियर लावला. 55 मिलीमीटर. दुसऱ्या शॉकअपातही तसाच. लेथवर सफाईदार वळवलेला.

"साहेब, हे कंपनीचं नव्हं," बापू म्हणाले. "कुणीतरी इचार करून घातलंय."

विचार करून. हाच शब्द मला लागला. बापूंनी बुश न घालता, स्प्रिंगही न घालता शॉकअप बसवून दाखवला आणि गाडी हळूहळू दाबली. 150 मिलीमीटर चालीचे ते शॉकअप, पण 95 च्या थोडं पुढे जाताच 21 इंची टायर खालच्या टीला जाऊन भिडला. 17 इंची चाकापेक्षा माझं चाक टायरसकट मध्यापासून साधारण साडेपाच सेंटिमीटर मोठं. ते शॉकअप लहान चाकाच्या हिशेबाने बनलेले. बुश नसता तर एखाद्या दणक्यात टायर टीत अडकून चाक जाम झालं असतं आणि मी हँडलवरून पुढे गेलो असतो. म्हणजे त्याने मला मरू दिलं नाही, याबद्दल आभार मानायचे की काय? त्याला पहिल्या दिवशी अडचण कळली होती. तेव्हा मला फोन करून "सर, हे जमत नाही" म्हणता आलं असतं. त्याऐवजी तो लेथवाल्याकडे गेला, बुश करून आणला, आत लपवला आणि वर मला कॉफी पाजली.

पुण्याला गेलो. बुश काउंटरवर ठेवले. त्याने ते उचललेही नाहीत. "ट्रॅव्हल लिमिटर आहे सर, सेफ्टीसाठी. सगळे टाकतात." मग सांगितलं का नाही? "तुम्ही विचारलं नाही." पैसे राहू दे, माझे जुने शॉकअप परत दे म्हटलं, तर म्हणाला, "ते तर एक्स्चेंजमध्ये गेले, सर." कसलं एक्स्चेंज? कोणत्या कागदावर? कागद नव्हताच. 42 हजारांची पावती एका चिठ्ठीवर, त्यावर फक्त "सस्पेन्शन काम". कॉफी मात्र त्या दिवशी मिळाली नाही.

आता तुम्ही हे करू नये म्हणून काही गोष्टी. काही माझ्या खिशातून आल्या आहेत, काही कुणीही सांगेल अशा आहेत.

पहिली : शॉकअप बदलण्याआधी सॅग मोजा. पुढचं चाक हवेत येईल अशी गाडी उचला. डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंत उघडा पाईप किती दिसतो ते मोजा. मग चाक टेकवून, बूट-हेल्मेट-जॅकेटसकट गाडीवर बसा, मागून कुणाला तरी धरायला सांगा, दुसऱ्याकडून तेच माप घ्या. वजाबाकी म्हणजे सॅग. कच्च्या वाटेसाठी तो एकूण चालीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असावा. 190 वर 60 ते 65. नवे मूळ शॉकअप आणून बसवल्यावर माझा आला 85. म्हणजे मी नुसता बसलो की जवळजवळ निम्मी चाल संपलेली. दणका झेलायला उरणार काय? स्प्रिंग माझ्या वजनाला मऊ होती, इतकाच रोग.

दुसरी : प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्याने, स्प्रिंग कडक होत नाही. वर पीव्हीसी पाईपचा तुकडा टाकला की गाडी उंच उभी राहते, स्प्रिंग तीच राहते. दहा-वीस मिलीमीटरची दुरुस्ती त्याने जमते, 92 किलोची जमत नाही. जड स्प्रिंगच घ्यावी लागते. दोन वेटोळी कापली की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण ग्राइंडरने तापवून कापणाऱ्याच्या हाती देऊ नका.

तिसरी, ऑइलची. डब्यावरच्या 10डब्ल्यू, 15डब्ल्यूवर फार विसंबू नका. दोन कंपन्यांचं 10डब्ल्यू सारखं पातळ असेलच असं नाही. 40 अंशांवर किती सेंटिस्टोक्स ते बघा. आणि ऑइल मिलीलीटरवर भरू नका, पातळीवर भरा : स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, वरच्या काठापासून खाली माप. वर उरलेली हवा हीही एक स्प्रिंगच असते. हवा कमी ठेवली की चालीच्या शेवटी शॉकअप कडक होतो. दहा-दहा मिलीमीटरने बदलत जा. दोन्ही पायांत, म्हणजे दोन्ही शॉकअपांत, पातळी सारखीच हवी.

साध्या डॅम्पर-दांड्याच्या शॉकअपचा स्वभावच असा, की सावकाश दबला तर तेल भोकातून आरामात निघून जातं, म्हणून ब्रेकला नाक खाली. दणका जोरात आला की त्याच भोकात तेल तुंबतं, म्हणून मनगटाला ठक्क. यावर एम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह येतो, दांड्याच्या डोक्यावर बसतो. चांगली गोष्ट आहे, पण दांड्याची भोकं मोठी करावी लागतात आणि ती परत लहान होत नाहीत. मी स्प्रिंग आणि ऑइलवरच थांबलो. सॅग 62 वर आला. मजुरीसकट 6,800 रुपये. यात मूळ शॉकअप पुन्हा विकत घेतल्याचे साडेचौदा हजार धरलेले नाहीत. ते आठवले की जेवण जात नाही.

चौथी : चाक घालताना एक्सल शेवटचा आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबा, मग आवळा. नाहीतर दोन पाय एकमेकांना ओढत राहतात. टीचे बोल्ट टॉर्क पाहून. सील गळायला लागलं की लगेच नवं आणू नका. आधी जुन्या एक्स-रे फिल्मची बारीक पट्टी सीलच्या कडेने फिरवा. बऱ्याचदा चिखलाचा कण असतो.

पाचवी, कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी ते सोनेरी पाईपच बघेल. जास्त चालच हवी असेल तर 2023 साली कंपनीनेच या गाडीची प्रो आवृत्ती आणली, पुढे 250 मिलीमीटर. बसायला 891 मिलीमीटर उंची आहे, पाय पुरतात का ते आधी बघून घ्या.

बाकी नेहमीचंच : पावती घ्या, फोटो काढा, चार ठिकाणी चौकशी करा. मीही हे दुसऱ्यांना सांगत असे.

आणि शेवटचं. काढलेले मूळ भाग त्याच दिवशी घरी न्या. माळ्यावर पडू देत, गंजू देत, पण घरी न्या. माझ्या जुन्या उजव्या बॉटमवर, एक्सलच्या वर दोन बोटांवर, बामणोलीच्या वाटेवरचा एक तिरका ओरखडा आहे. पुण्यात कुणाला स्वस्तात असे शॉकअप मिळाले असतील तर बिनधास्त वापरा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.