गहू सोडायचा तर महिन्याला किती खर्च?

डॉक्टरांनी ‘सीलिअ‍ॅक’ म्हटलं की घरात पहिली खरेदी होते ती ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेल्या आट्याची. किलोला साधारण दीडशे ते तीनशे रुपये. मग ब्रेड, बिस्किटं, पास्ता. महिनाअखेरीस किराण्याचं बिल पाहून घरातलं कोणीतरी म्हणतं, हा श्रीमंतांचा आजार दिसतो. तसं नाही. महाराष्ट्रात हा आहार बऱ्यापैकी स्वस्तात सांभाळता येतो, फक्त पैसे भलत्या ठिकाणी जायला नकोत. सगळ्यात आधी चाचणीवर खर्च करा, मग दळणाच्या शुद्धतेवर, मग धान्यावर. पाकिटाचा नंबर शेवटचा.

खालचे भाव शहरातल्या किरकोळ दुकानांचे, अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचा भाव घालून हिशेब पुन्हा मांडावा.

एका माणसाला दोन्ही वेळा पोळी किंवा भाकरी धरली तर दिवसाला सुमारे दोनशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे महिन्याला सहा किलो. गहू चाळीस रुपयांनी घेतला तर २४० रुपये. ज्वारी पंचावन्नने धरली तर ३३०. पाकिटातला आटा दोनशेने धरला तर १,२००. गव्हावरून ज्वारीवर येण्याचा जादा खर्च महिन्याला नव्वद रुपये, पाकिटावर जाण्याचा ९६०. ज्वारी आणि पाकीट यांतला फरक वर्षाला दहा हजारांच्या वर जातो. त्या पाकिटात बहुधा तांदूळ, मका, बेसन किंवा सोया, साबुदाण्यासारखा स्टार्च आणि पीठ चिकट व्हावं म्हणून घातलेला एखादा डिंक असतो. यातलं बहुतेक तुमच्या डब्यात आधीपासून आहे.

मात्र पाकिटावरच्या त्या दोन शब्दांना किंमत आहे, हेही मान्य करायला हवं. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तुम्ही पैसे मोजता ते या शुद्धतेसाठी. प्रवासात, परगावी किंवा जवळ भरवशाची गिरणी नसेल तेव्हा पाकीट जरूर घ्या. रोज मात्र नको. ग्लूटेन-फ्री बिस्किटाबद्दल तर माझं मत कडक आहे. त्यात साखर आणि चरबी भरपूर, तंतू कमी, आणि किंमत साध्या बिस्किटाच्या कितीतरी पट. वाढदिवसाला ठीक.

चाचणीआधी गहू सोडू नका

सीलिअ‍ॅक म्हणजे ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्न शोषून घेणाऱ्या तिथल्या बारीक लवा झिजतात. त्यामुळे जुलाब आणि पोटफुगी होतेच, पण काहींना पोटाची तक्रार जवळपास नसते. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, मुलाची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, एवढंच दिसतं.

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए, आणि सोबत एकूण आयजीए. खासगी प्रयोगशाळेत दोन्हींचे मिळून साधारण हजार ते अडीच हजार रुपये होतात. एकूण आयजीए वगळून पैसे वाचवू नका. ज्यांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं त्यांचा टीटीजी खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. पुढची पायरी दुर्बिणीने आतड्याचे तुकडे काढून तपासण्याची. खासगी रुग्णालयात तिला बहुधा पाच ते दहा हजार किंवा अधिक लागतात, सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात बरेच कमी.

या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच करायच्या असतात. आधी सोडला तर अस्तर भरून येतं, टीटीजी खाली जातो आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. मग निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि ज्याला त्याने त्रास होतो त्याला ती शिक्षाच वाटते. कोणाचं ऐकून ‘महिनाभर गहू सोडून बघू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आजार नसताना सोडणाऱ्यांना तर फायदा बहुधा एवढाच होतो, की मैदा आणि बेकरीचे पदार्थ सुटतात. त्यासाठी पोळी सोडायची गरज नाही.

खरा खर्च दळणाचा

ज्वारीत ग्लूटेन नाही. गिरणीतून आलेल्या ज्वारीच्या पिठात असू शकतं. गव्हाचं दळण निघाल्यावर दगडांच्या मध्ये, वरच्या टोपात, खालच्या पिशवीत गव्हाचं पीठ राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. एरवी याचं कोणाला काही वाटत नाही. सीलिअ‍ॅक असलेल्याला मात्र भाकरी खाऊनही टीटीजी खाली का येत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

गिरणीवाल्याला ‘स्वच्छ आहे ना?’ विचारू नका, तो हो म्हणणारच. ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी आहे का, आणि तिच्यावर गर्दीच्या वेळी गहू टाकता का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी चक्क्या वेगळ्या असतात, पण रविवारी सकाळी नियम ढिले होतात. शिवाय सगळ्या चक्क्या एकाच खोलीत आणि हवेत पीठ उडतंय असं तर नाही ना, हेही डोळ्यांनी पाहून घ्या. चक्की साफ करून पहिला किलोभर माल बाजूला काढून दळणं हा तडजोडीचा मार्ग झाला. धोका कमी होतो, जात नाही. कोकणात जिथे फक्त तांदूळच दळतात अशी गिरणी मिळाली तर ती सोडू नका.

घरघंटी हा उत्तम उपाय. साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत येते. वीस हजारांची धरली आणि पाकिटाच्या आट्याऐवजी घरची ज्वारी दळली तर महिन्याला ८७० रुपये वाचतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत किंमत वसूल. सहा किलो दळायला वीज युनिटभरच्या आसपास लागते, ती हिशेबात धरण्याजोगी नाही. अट एकच: त्या घंटीत गव्हाचा दाणा पडता कामा नये. घरच्या बाकीच्यांचा गहू बाहेरूनच दळून आणा. ‘घरात गिरणी असताना बाहेर कशाला?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघेल. ठाम राहा. नुसती नाचणी, राजगिरा किंवा डाळ थोडी थोडी दळायची तर मिक्सरही पुरतो.

धान्य दुकानातून आणल्यावर निवडा. ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात, कारण पोतं-पोतं एकच माप फिरतं. निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. सोलापूर, मंगळवेढा भागातली रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. त्या वेळी शेतकऱ्याकडून वर्षाची भरून ठेवली तर भावही बरा पडतो आणि भेसळही टळते. बाजरीचं पीठ मात्र लवकर कडू होतं, आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बेसनही बाहेरून दळून आणण्यापेक्षा हरभरा डाळ घरी दळलेली बरी.

स्वयंपाकघरात बदल फारसे नाहीत. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळणी आणि लोखंडी तवा वेगळा, एवढ्याला हजार-दीड हजार रुपये पुरतात. स्टीलची परात, कढया नीट घासल्या की चालतात, त्यांचा नवा संच घ्यायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

गहू जिथे दिसत नाही

पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडया हे सगळ्यांना कळतं. खपली गव्हाबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. मधुमेहींना म्हणून तो दुप्पट-तिप्पट भावाने विकला जातो आणि कोणीतरी सीलिअ‍ॅकवाल्यालाही तो सुचवतं. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे.

हिंगाच्या डबीकडे कोणाचं लक्ष जात नाही. बाजारातल्या बहुतेक हिंगात चिकट हिंग पसरवायला पीठ मिसळलेलं असतं, बरेचदा गव्हाचं. घटकांची यादी वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, थोडा महाग पडला तरी चिमूटभरच लागतो. तोच हिंग लोणच्यात, पापडात, मसाल्यात असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू भाजून घालतात. दोन्ही घरी करा, गहू वगळल्याने चवीत फार फरक पडत नाही. सातूचं पीठ जवाचं किंवा गव्हाचं असतं. मुलांच्या माल्टयुक्त पेयांत जव, सोया सॉसमध्ये गहू. ओट्समध्ये मूळचं ग्लूटेन नसलं तरी ते गव्हाच्या यंत्रांवरून येतात, म्हणून लेबल असलेलेच घ्यावे आणि तेही डॉक्टरांना विचारून. कारण थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

सोपी गोष्ट म्हणजे उपवासाचं दुकान. राजगिरा, वरई, शिंगाडा, साबुदाणा यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. आपल्याकडे ग्लूटेन-फ्रीचा कप्पा आषाढी एकादशीच्या आधीपासूनच होता, त्यावर इंग्रजी पाटी तेवढी नव्हती. पण पिठात भेसळ नाही ना, हे इथेही पाहावं लागतं. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, रोज खाण्याची वस्तू नव्हे.

सणांचं वेळापत्रकही ध्यानात घ्या. होळीच्या पुरणपोळीला आणि पाडव्याच्या पुरीला त्रास, गणपतीत मात्र तांदळाच्या उकडीचे मोदक बिनधास्त. दिवाळीत चकली, अनारसे, पोह्यांचा चिवडा चालतो. करंजी-शंकरपाळे नाहीत, आणि बेसन लाडवात रवा घातलाय का ते विचारावंच लागतं. तळणीचं तेलही वेगळं हवं. शंकरपाळे तळलेल्या तेलात चकली सोडली तर सगळी मेहनत वाया.

ताट भरलेलं हवं

गहू गेला की भातावर भार टाकायचा, ही नेहमीची सवय. पोट भरतं, पण तंतू, लोह, प्रथिनं कमी पडतात. निदानाच्या वेळी अनेकांचं लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि कधी बी-१२ आधीच कमी असतं, म्हणून ताटात भर लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुसऱ्या कोणत्याही धान्यात इतकं सापडत नाही. बाजरीत लोह चांगलं. प्रथिनांत ज्वारी-बाजरी गव्हाच्या आसपास आहेत, नाचणी आणि तांदूळ मागे. म्हणून एकाच भाकरीला चिकटू नका. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाची, तिच्यात डाळ पिठातच येते. सकाळी घावन, आंबोळी, पोहे, नाचणीची आंबील. सोबत मोडाची उसळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी, वर लिंबू. नाचणी पन्नास-सत्तर रुपये किलो, डाळ शंभराच्या वर. या दोन्हींवर महिन्याला तीन-चारशे रुपये जादा गेले तरी ते ग्लूटेन-फ्री पास्त्याच्या दोन पाकिटांइतकेच.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत दूध पचलं नाही तर घाबरू नका. अस्तर झिजलेलं असल्याने दुधातली साखर तात्पुरती सोसत नाही. दही-ताक चालतं, आणि पुढे दूधही पुन्हा जमतं. उलट, आतडं सुधारलं की वजन भराभर वाढू शकतं, तेव्हा ताट थोडं आवरावं लागतं.

रेशनवर गहू मिळणाऱ्या घरात हिशेब वेगळा आहे. वाट्याचा गहू फुकट येतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. अशा घरात रेशनचा गहू बाकीच्यांना आणि रेशनचा तांदूळ आजारी माणसाला, अशी वाटणी करून फक्त तीन-चार किलो ज्वारी विकत घेतली तर जादा भार दोनशे रुपयांच्या आसपास राहतो. इटलीत सीलिअ‍ॅक रुग्णांना ग्लूटेन-फ्री खाद्यपदार्थांसाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून पाकिटाशिवाय जगण्याची पद्धत बसवणं अधिक महत्त्वाचं.

दर सहा महिने ते वर्षाने टीटीजी, हिमोग्लोबिन आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या, यासाठी वर्षाला दोन-तीन हजार बाजूला ठेवा. घरातल्या एकाला सीलिअ‍ॅक निघाला तर आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांनाही धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, लक्षणं नसली तरीसुद्धा. त्यांचीही रक्ततपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी काढू नका.