टेस्ट ट्यूबमधलं लोह, पोटातलं लोह

बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवतंय? सॉल्ट अॅनालिसिसला फेरिक क्षार आला की आपण खूश! पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकले की रक्तासारखा लालभडक रंग, मार्क पक्के. गंमत म्हणजे खऱ्या रक्तात हेच थेंब टाकले तर लोह सापडत नाही. ते हिमोग्लोबिनमध्ये घट्ट अडकलेलं असतं. आधी रक्त जाळून राख करायची, ती हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये विरघळवायची, मग कुठे रंग येतो.

या ‘अडकलेल्या’ लोहाने गुस्ताफ फॉन बुंगे या शास्त्रज्ञाला चांगलंच चकवलं. त्यांची प्रयोगशाळा डॉरपाटला होती. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते टार्टू नावाने एस्टोनियात आहे. तिथेच निकोलाय लुनिन हा विद्यार्थी शरीराला क्षार किती लागतात ते उंदरांवर तपासत होता. काही उंदरांना त्याने साधं दूध दिलं. बाकीच्यांना दुधातलं प्रथिन, चरबी, क्षार आणि साखर वेगवेगळं घेऊन पुन्हा एकत्र करून दिलं. त्या काळच्या केमिस्ट्रीप्रमाणे दोन्ही अन्नं जवळपास सारखीच! दूधवाले उंदीर टुणटुणीत राहिले, दुसरे काही आठवड्यांत मेले. १८८१ साली लुनिनने छापलं की दुधात आपल्याला न सापडलेलं, पण जगायला लागणारं आणखी काहीतरी असलं पाहिजे. बस्स, एवढंच. पुढे तो लहान मुलांचा डॉक्टर झाला आणि ‘व्हिटॅमिन’ हा शब्द यायला १९१२ उजाडलं. आपल्या विषयात असा रिझल्ट आला असता तर आपण रीडिंग चुकलं म्हणून खोडलंच असतं ना?

बुंगेंनी १८८५ मध्ये अंड्याच्या बलकातून लोह असलेला एक पदार्थ वेगळा केला. नेहमीच्या टेस्टना तो साध्या क्षारासारखा प्रतिसाद देत नव्हता. या बलकातूनच तर पिल्लाचं रक्त बनतं! म्हणून त्यांनी ठरवलं की शरीराला असलंच लोह चालतं, औषधातले लोहक्षार शोषलेच जात नाहीत. ते फक्त आतड्यातल्या सल्फाइडशी जुळून अन्नातलं लोह वाचवतात. तर्क झकास, पण चूक.

एडिंबरोच्या राल्फ स्टॉकमन यांनी १८९३ मध्ये ते दाखवलं. रक्त कमी असलेल्या, साधारण आमच्याच वयाच्या मुलींना त्यांनी आयर्न सायट्रेट कातडीखाली टोचलं. म्हणजे आतडं बायपास! हिमोग्लोबिन वाढलं. मग काहींना चक्क आयर्न सल्फाइड कॅप्सूलमधून दिलं. ते आधीच सल्फाइड, आणखी सल्फाइड काय पकडणार? तरी वाढलं. मला हा प्रयोग फार आवडतो. एका घावात समोरच्याचं म्हणणं निकालात.

माझ्या रूममेटचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी फेरस सल्फेटची, म्हणजे साधा क्षारच. ती बया रोज मेसच्या चहाबरोबर गिळायची! चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. उलट व्हिटॅमिन सी फेरिकचं फेरस करतं आणि फेरस सहज शोषलं जातं. (उंदीर हे व्हिटॅमिन स्वतः तयार करतात, त्यामुळे लुनिनचे उंदीर त्याच्या अभावाने मेले नाहीत, ते दुसऱ्या कशाने तरी.)

खात्री करायची असेल तर लॅबमध्ये त्या लाल थायोसायनेटमध्ये व्हिटॅमिन सीची गोळी विरघळवून टाका, रंग फिका पडतो. लिंबू पिळलं तरी पडतो, पण तिथे सायट्रिक अॅसिडही लोहाला ओढत असतं, म्हणून गोळीचा प्रयोग जास्त प्रामाणिक.

आता रूममेट गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते आणि चहा दोन तासांनी. पोह्यांवर पिळायला मात्र साडेआठनंतर मेसमध्ये लिंबाची फोड शिल्लक नसते, तेवढं मेस सेक्रेटरींनी बघावं.