हा आकडा कुठून आला?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम लिहिला आहे. कुठला यंत्रमाग चालू आहे, कुठला थांबला, कुणाच्या पाळीत किती माल निघाला, याची तो नोंद ठेवतो. सी भाषेत लिहिलेला, छोट्याशा लिनक्स पेटीवर रात्रंदिवस चालणारा. तो मध्येच कोसळला की माझं काम सुरू होतं, आणि त्या कामात सोबतीला असतो जीडीबी हा डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये पहिल्यांदा लिहिलेलं हे हत्यार मी कॉलेजात असल्यापासून वापरते आहे. त्याच्या सहवासात जे उमगत गेलं, त्यातलं थोडं सांगावंसं वाटतं.

१. कोसळलेला प्रोग्रामही बोलतो. स्वतःची नसलेली मेमरी वाचायला गेलेल्या प्रोग्रामला लिनक्सचा कर्नल ११ नंबरचा सिग्नल देऊन तिथल्या तिथे थांबवतो, आणि मुभा असेल तर त्याची त्या क्षणीची मेमरी आणि रजिस्टरं एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो. तोच कोअर डंप. ही फाइल अगम्य, कच्ची असेल असं कुणालाही वाटेल. पण घाट ओळखीचा निघतो. चालवायच्या बायनरीचा जो ईएलएफ साचा, तोच हिचा. मुख्य फरक मथळ्यातल्या एका आकड्यात: बायनरीत तिथे २ किंवा ३ असतो, कोअरमध्ये ४. पुढे टिपांचा भाग येतो. त्यात प्रत्येक थ्रेडची रजिस्टरं, सिग्नलचा नंबर, कुठली फाइल मेमरीत कुठे बसवली होती त्याची यादी. मग मेमरीचे तुकडे. सुरू होण्याआधीची आणि कोसळल्यानंतरची फाइल एकाच साच्यात ठेवायची, म्हणजे वाचायची सामग्रीही बरीचशी एकच पुरते, हा विचार मला आजही फार देखणा वाटतो. अर्थात आधी कोअर मिळायला हवा. अनेक लिनक्सांवर त्याची कमाल मर्यादा मुळातच शून्य ठेवलेली असते. नव्या कारखान्यात पेटी बसवताना मी सगळ्यात आधी तेवढं तपासते.

२. कोअरमध्ये सगळं नसतं, आणि जे नसतं त्यावाचून उरलेल्याचा अर्थ लागत नाही. नसतो तो प्रोग्रामचा स्वतःचा कोड. कर्नलचा हिशेब सरळ आहे: जी पानं डिस्कवरच्या फाइलमधून जशीच्या तशी आणली आणि ज्यांत काही बदल झाला नाही, ती पुन्हा कशाला लिहायची? फाइल आहेच की. म्हणून तो स्टॅक लिहितो, हीप लिहितो, बदललेली चलं लिहितो. सूचनांची आणि न बदलणाऱ्या मजकुराची पानं सहसा सोडून देतो. जॅकार्डवर चादर अर्धी झालेली असताना माग थांबला आणि जॉबरने तेवढं कापड कापून माझ्याकडे पाठवलं, असं समजा. किती विणून झालं, कुठला धागा तुटला, दोष कुठल्या ओळीत आला, हे सगळं त्या कापडात दिसेल. पण नक्षी कशी उमटायची होती ते छिद्रांच्या कार्डांच्या माळेत आहे, आणि ती माळ माझ्याकडे वेगळी असायला हवी. शिवाय तीच माळ हवी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नव्हे. हे पटलं तेव्हापासून कोअर आणि बायनरी ही माझ्या लेखी एकाच पुराव्याची दोन अर्धी झाली.

३. डीबगरने दाखवलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक शोध असतो. आपण एखाद्या ॲड्रेसवर काय आहे ते विचारतो आणि उत्तर क्षणात पडद्यावर येतं, त्यामुळे मेमरी हा एकच सलग साठा आहे असं वाटत राहतं. प्रत्यक्षात जीडीबी थरांवर थर रचून बसलेला असतो. खालच्या थरात एक्झिक्युटेबल फाइल आणि तिच्या लायब्ररी, वरच्या थरात कोअर किंवा चालता प्रोग्राम. कोअर तपासताना तो ॲड्रेस आधी कोअरमध्ये शोधतो. तिथे मजकूर असेल तर तोच देतो, नसेल तर खाली उतरून फाइलमधून वाचतो. म्हणून एकाच बॅकट्रेसमध्ये रिटर्न ॲड्रेस कोअरमधून आलेला असतो, त्या ॲड्रेसवरची सूचना बायनरीतून, आणि फंक्शनचं नाव व ओळ क्रमांक डीबग माहितीतून. कुठेही शिवण दिसत नाही, आणि ती दिसत नाही म्हणूनच तिची आठवण ठेवावी लागते.

चालत्या प्रोग्रामचा नियम मात्र वेगळा. तिथे प्रोसेसचा शब्द अखेरचा. तिने एखादं पान नाही म्हटलं, तर डीबगर फाइलकडे उतरत नाही. जीडीबीच्या सोर्समध्ये नेमक्या या जागी एक छोटी टीप आहे: कोअरच्या पलीकडे एक्झिक्युटेबलपर्यंत जायचं, पण चालत्या प्रोग्रामच्या मेमरीपलीकडे जायचं नाही. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले. कोअर अपुरा असणार हे माहीत आहे, म्हणून त्याला आधार द्यायचा. जिवंत प्रोसेसची मेमरी पूर्ण आहे, म्हणून तिच्या नकारावर फाइलचं ठिगळ लावायचं नाही. दोन वाक्यांत मावणारा हा विवेक कुणीतरी कोडमध्ये उतरवून ठेवला आहे.

आणि तिसरी अवस्था, जिची नवख्या मुलांना फार गंमत वाटते. वालचंदच्या इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, तेव्हा मी त्यांना प्रोग्राम न चालवताच एखाद्या ग्लोबल चलाची किंमत विचारायला सांगते. उत्तर येतं! प्रोग्राम सुरूच नाही, तरी आकडा येतो, कारण त्या चलाची आरंभीची किंमत बायनरीत लिहिलेली असते. मग आम्ही बोलतो: हा आकडा खरा की खोटा? फाइलपुरता खरा. काल रात्री कोसळलेल्या प्रोग्रामबद्दल तो काहीही सांगत नाही.

४. वाचता येत नाही असं स्पष्ट सांगणं हे मोठं काम आहे. अमुक ॲड्रेसवरची मेमरी मिळत नाही, हा संदेश आला की मुलं हिरमुसतात. मला तो आताशा आधार वाटतो. कोअरमध्ये नाही, फाइलमध्ये नाही, म्हणजे डीबगरने दोन्हीकडे पाहिलं आणि काही बनवून सांगितलं नाही. तिथे त्याने गुपचूप शून्यं भरून दिली असती, तर रिकामा पॉइंटर आणि हरवलेलं पान यांत फरकच उरला नसता.

५. जुळत नसलेली बायनरी उत्तर द्यायला नकार देत नाही, आणि इथेच खरा घात आहे. एका रात्रपाळीचा कोअर आमच्याकडे आला. ऑफिसातल्या मशीनवर तोवर पुढची आवृत्ती बांधून झाली होती आणि तीच बायनरी डीबगरला दिली गेली. बॅकट्रेस व्यवस्थित दिसत होता. पडद्यावर जायच्या निरोपाचा पॉइंटर उघडला, तर तिथे ताणा संपल्याचं वाक्य अर्ध्यातून सुरू झालेलं. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणाली, “ताई, हा निरोप त्या रात्रीच्या आवृत्तीत नव्हताच की ओ!” खरंच नव्हता. पॉइंटर कोअरमधला, म्हणजे जुना. त्याने दाखवलेली अक्षरं न बदलणाऱ्या मजकुरातली, म्हणून फाइलमधून वाचलेली, म्हणजे नवी. दोन्ही वाचनं आपापल्या जागी बिनचूक. त्यांची जोडी तेवढी अशक्य. तिने ते पाहिलं, कारण तिने प्रोग्रामचा इतिहास डोक्यात ठेवला होता. डीबगरही अशा वेळी दोन्ही फाइली जुळत नसाव्यात असा इशारा कधी कधी देतो, पण तो सुरुवातीच्या ओळींच्या गर्दीत येऊन जातो.

यावरचा उपाय जुनाच आणि साधा आहे. लिंकर बायनरीत एक बिल्ड-आयडी घालू शकतो, बहुधा २० बाइटांचा, बायनरीच्या मजकुरावरूनच काढलेला. लिनक्स कोअर लिहिताना बाकीचा कोड सोडला तरी ईएलएफ मथळ्याचं पान सहसा ठेवतो, ते मुख्यतः हा आयडी कोअरमध्येही सापडावा म्हणून. कारखान्यात जाते ती सिम्बॉल काढून टाकलेली हलकी बायनरी. सिम्बॉलांसकट पूर्ण बायनरी त्या आयडीच्या नावाने आमच्याकडे राहते. आवृत्ती कितीही जुनी होवो, ती पुसायची नाही. डिस्क भरत चालली म्हणून कुणी कधी विचारलं, तर मी नवी डिस्क मागते.

६. काही वेळा किंमत हरवलेली नसते, ती अस्तित्वातच उरलेली नसते. ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ हे शब्द दिसले की राग डीबगरवर निघतो, पण तो निर्णय कंपायलरने केव्हाच घेतलेला असतो. चलाचा शेवटचा उपयोग झाला की त्याचं रजिस्टर तो दुसऱ्या कामाला लावतो. पुढे त्या किमतीची कुणाला गरज लागेल का, हे कंपायलर कसं ठरवतो ते मला नीट कळलं आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या २००९ च्या डेटा फ्लो ॲनालिसिसवरच्या पुस्तकामुळे. खेडकरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने तर या कंपायलरचं पोट उघडून मुलांना शिकवलं. आपण वापरतो त्या हत्यारांच्या आत शिरून पाहणारी माणसं इतक्या जवळ आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. हल्ली अशी किंमत दिसली नाही की मी एक फ्रेम वर जाते. हाक मारणाऱ्या फंक्शनकडे ती पुष्कळदा अजून असते.

७. वाचणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. ब्रेकपॉइंट लावला की इंटेलच्या प्रोसेसरवर जीडीबी त्या जागच्या सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे स्वतःचा सापळ्याचा बाइट ठेवतो. तीच जागा आपण वाचायला मागितली, तर मात्र तो मूळ बाइट दाखवतो. म्हणजे मेमरीत आहे एक आणि दिसतं दुसरं, आणि जे दिसतं तेच आपल्या प्रश्नाचं योग्य उत्तर असतं.

मागाजवळच्या कंट्रोलर बोर्डावर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. तिथे काही ॲड्रेसांमागे मेमरी नसतेच, उपकरण असतं. सिरिअल पोर्टचं आलेल्या अक्षराचं रजिस्टर वाचलं की ते अक्षर रांगेतून निघून जातं. मागाने पाठवलेला बाइट प्रोग्रामच्या आधी डीबगरने खाल्ला, तर प्रोग्रामला तो कधीच मिळत नाही. मेमरीचा नकाशा आखून दिला, तर नकाशाबाहेरच्या जागांना जीडीबी हात लावत नाही. बोर्डाला जोडण्यापूर्वी तो नकाशा लिहायचा, हा आमचा पायंडा आहे.

८. कोअरमध्ये माणसंही असतात. हीपमध्ये मागवाल्यांची नावं, त्यांच्या पाळीचा हिशेब, नगावर ठरलेली मजुरी, डेटाबेसचा पासवर्ड, सगळं उघड्यावर. अक्षरं शोधून देणारी साधी आज्ञा चालवली तरी वाचता येतं. कोण किती कमावतो हे बाहेर जाऊ नये ही त्या माणसांची अपेक्षा आहे, आणि त्यांना न विचारता त्यांची माहिती माझ्या मशीनवर येते. म्हणून कोअर ईमेलने फिरवायचा नाही, काम झालं की पुसायचा. गुप्त गोष्टी ज्या पानांत असतात ती कोअरमध्ये उतरवू नकोस, असं लिनक्सला सांगता येतं. ही सोय २०१२ पासून आहे आणि आम्ही ती वापरतो.

प्रोग्राम कोसळलेला नसतो, नुसता अडकून बसलेला असतो, तेव्हा त्याला न मारता जीकोअरने कोअर काढता येतो. प्रोसेस तेवढा वेळ थांबते आणि पुढे चालू लागते. हल्ली पाळीच्या मध्ये फोन आला की आम्ही आधी तेच करायला सांगतो. नोंद थोडा वेळ थांबते, माग थांबत नाहीत आणि पाळीचा हिशेब बुडत नाही. कोअर आला की आधी त्यातला बिल्ड-आयडी काढायचा, त्या नावाची बायनरी शोधायची, आणि मगच डीबगर उघडायचा.