भंगारांतील गिअरबॉक्सची पारख

मोटारींत इंजिन आणि चाकें यांच्या मध्यें गिअरबॉक्स असतो. इंजिनाचें फिरणें वेगाचें, परंतु हलक्या जोराचें असतें. उभी गाडी जागची हालविण्यास मात्र मोठा जोर लागतो. वेग घटवून जोर वाढविणें हें गिअरबॉक्सचें काम होय. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९६९ सालीं काढलेला 'टर्बो-हायड्रामॅटिक ३५०' हा स्वयंचलित गिअरबॉक्स घ्या. त्याच्या पहिल्या गतींत आंत शिरणारा दांडा २.५२ वेळां फिरला म्हणजे बाहेर जाणारा दांडा एकदां फिरतो. तिसऱ्या गतींत दोन्ही बरोबरीनें फिरतात.

अशा जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला म्हणजे तेथील लोक भंगाराच्या आवाराची वाट धरतात. मुंबईस कुर्ल्याच्या भंगारबाजारांत सुटे केलेले भाग दुकानीं मांडलेले आढळतात. अमेरिकेंतील पुष्कळ आवारांत मात्र मोडीत काढलेल्या गाड्या रांगेनें उभ्या असतात, आणि गिऱ्हाइकानें आपलीं हत्यारें नेऊन हवा तो भाग स्वतः खोलावयाचा असतो. तेव्हां पारखीचा सारा भार गिऱ्हाइकावरच पडतो. जिन्नस सुमारें सव्वाशे पौंडांचा! चुकीचा निघाला तर पैसे व दोन दिवसांची मेहनत वायां जावयाची.

गाडीवरील नांवावर विसंबतां येत नाहीं. १९७० सालच्या शेव्हरोले गाड्यांतच 'पॉवरग्लाइड', 'टर्बो ३५०' आणि 'टर्बो ४००' असे तीन निरनिराळे स्वयंचलित गिअरबॉक्स आढळतात. शिवाय मधल्या एखाद्या मालकानें तो बदलला नसेल कशावरून? यास्तव साक्ष घ्यावयाची ती लोखंडाची. गिअरबॉक्सच्या तळाशीं तेलाचें पत्र्याचें तबक बोल्टांनीं जडविलेलें असतें. त्याचे बोल्ट मोजावे. पॉवरग्लाइडला ते १४ असतात. ३५० व ४०० या दोघांनाही १३ असतात, म्हणून येथें नुसती मोजणी पुरत नाहीं. आकार पाहावा लागतो. ३५० चें तबक जवळजवळ चौरस, पण एक कोपरा छाटलेला. ४०० चें वेडेंवांकडें; अमेरिकन कारागीर त्यास आपल्या टेक्सस संस्थानाच्या नकाशाची उपमा देतात, आणि ती बरीच जुळते. वेगवर्धक दाबल्यावर गाडीस खालच्या गतींत आणण्यासाठीं ३५० ला तारेची दोरी जोडलेली असते, तर ४०० ला विजेची तार. १९८२ पासून आलेल्या चार गतींच्या '७००-आर-४' ला १६ बोल्ट असतात. परंतु '२००-४आर' लाही तितकेच असल्यामुळें तेथेंही आकाराकडेच वळावें लागतें.

प्रकार ओळखला म्हणजे काम अर्धेंच झालें. पुढील बाजूचीं, इंजिनास जोडणारीं छिद्रें शेव्हरोलेसाठीं एका मांडणीचीं, तर ब्यूक, ओल्ड्समोबाइल व पाँटिअॅक यांच्यासाठीं दुसऱ्या मांडणीचीं असतात. त्यांचा ठसा पुठ्ठ्यावर काढून बरोबर न्यावा. मला तरी याहून सोपी युक्ति दिसत नाहीं. मागील नळकांडेंही मोजावें, कारण ३५० मध्येंच तें सहा, नऊ किंवा बारा इंचांचें आढळतें, आणि लांबी चुकली तर चाकांकडे जाणारा दांडा बसत नाहीं.

आतां तो धड आहे कीं नाहीं हें कसें कळावें? प्रथम गाडीकडे पाहावें. मागून ठोकर बसून भंगारांत आलेली गाडी त्या दिवसापर्यंत चालत होती; तिचा गिअरबॉक्स बहुधा ठीक असतो. जिच्या अंगावर ओरखडाही नाहीं अशी गाडी मात्र संशयास्पद. ती टाकून देण्याचें कारण कदाचित् तोच गिअरबॉक्स असेल! पुढील कांचेखालीं गाडीचा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे अंक गिअरबॉक्सवर ठोकलेल्या अंकांशीं जुळले तर तो मूळचाच समजावा. नंतर तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल लाल व स्वच्छ असावें. तपकिरी व करपट वासाचें असेल तर आंतील चकत्या जळाल्या असें समजावें. दुधाळ गुलाबी दिसलें तर रेडिएटरमधील पाणी आंत शिरलें आहे. असा माल फुकटही घेऊं नये. तबक उघडल्यावर तळाशीं करड्या रंगाचा बारीक लेप असणें स्वाभाविक आहे, धातूचे कपचे असणें नव्हे.

विद्यार्थिमित्रांस एक ताकीद. आवारांतील गाड्या जोडलेल्या चाकांच्या कड्यांवर उचलून ठेवलेल्या असतात. तो आधार हालवून पाहिल्याशिवाय, आणि वडील माणूस जवळ नसतां, कोणीं खालीं शिरूं नये.

खोलतांना पुढील टॉर्क कन्व्हर्टर बरोबर घ्यावा व तो घसरून पडूं नये म्हणून दोरीनें बांधावा. तेल थंड करणाऱ्या नळ्यांचीं तोंडें चिंध्यांनीं बंद करावीं, पावतीवर गिअरबॉक्सचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि माल परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे हें फाटकाबाहेर पडण्यापूर्वींच विचारावें.